नमुन्यातला हात

ऑफिसात बोलता बोलता माणसं मध्येच थांबत. वाक्य अर्धं राही, डावा हात किंचित वर येई, चेहऱ्यावर काहीतरी हलकंसं उमटून जाई आणि बोलणं पुढे सुरू होई. याचं आता कुणाला नवल वाटत नसे. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाची नुकती शाळेत पोचलेली मुलगी मनगट धरून गेलेली असे.

‘सांगात’ हे समाजमाध्यम येऊन सहा वर्षं झाली होती. त्यावर फोटो नव्हते, मतं नव्हती, भांडणंही नव्हती. मनगटावर बांधायची एक मऊ पट्टी, एवढंच. तिला सगळे मनगटी म्हणत. मनगटी बांधलेल्या हाताची मूठ आवळली की स्नायूंची ती हालचाल पट्टी टिपून घेई आणि ज्याला पाठवायची त्याच्या मनगटाभोवती तसाच दाब उमटे. जोर तोच, थरथर तीच, सैल पडतानाची घाईसुद्धा तीच. त्याने आपली मूठ आवळून उत्तर दिलं की तो परतदाब. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच दिसत नसे. आठ-दहा वेळा आलेला हात माणसाला आपोआप ओळखू येतो, असं कंपनीने अंदाजाने धरलं होतं आणि तो अंदाज खरा निघाला होता.

भूषण काळबांडे कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात एपीआयचं काम पाहत असे. एपीआय म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांसाठी उघडी ठेवलेली खिडकी. एखाद्या दवाखान्याला औषधाच्या वेळी रोग्याचं मनगट दाबून आठवण द्यायची असेल, तर दवाखान्याच्या प्रोग्रामने त्या खिडकीशी यायचं, ठरलेल्या पद्धतीने मागणी करायची आणि ‘सांगात’ने ती पुरी करायची. मागणी कशी करावी हे जगभरच्या प्रोग्रामरांना कळावं म्हणून एक माहितीपान होतं आणि त्यावर नमुन्याच्या आठ ओळी होत्या. त्या ओळी उचलून आपल्या प्रोग्रामात चिकटवायच्या, चालतात का ते पाहायचं आणि मग हवे ते बदल करायचे. हा धंदाच तसा आहे. पहिली ओळ सहसा कुणी स्वतःची लिहीत नाही.

येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता ही जुनी खिडकी बंद व्हायची होती आणि नवी उघडायची होती. आज बुधवार होता.

“सर, एकच तक्रार उरलीय,” समोर बसणारी रेवती मेश्राम म्हणाली. तिला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि उरलेल्या तक्रारी निपटणं हे तिच्याकडेच असे. “पण ही विचित्र आहे. पोलंडमधला एक जण लिहितो, नमुन्यातल्या चाचणी क्रमांकाला दाब पाठवला की पूर्वी चार सेकंदांत परतदाब यायचा. महिनाभर झाला, चाळीस सेकंद लागतात. कधी येतच नाही. आणि दर वेळी थोडा वेगळा येतो. चाचणीचं खातं आहे तर उत्तर एकसारखं नको का, असं विचारतोय.”

“चाचणीचं खातं म्हणजे आपलं यंत्र. आलेला दाब तसाच उलटा फेकतं,” भूषण म्हणाला. “वेगळा येईलच कसा? ताण आला असेल त्याच्यावर.”

“ताण पाहिला. काही नाही. यंत्र जवळजवळ रिकामंच बसलंय.”

“मग पाच मिनिटं बंद करून पाहा.”

रेवतीने चाचणीचं यंत्र बंद केलं आणि नमुन्याच्या आठ ओळी जशाच्या तशा चालवल्या. दोघं पडद्याकडे पाहत राहिले. अडतीस सेकंदांनी परतदाब आला.

“बंद आहे ना नक्की?” भूषणने विचारलं.

“प्लग काढून आणून दाखवू का?”

भूषणने खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली. यंत्र बंद असताना उत्तर येत होतं, म्हणजे उत्तर देणारं दुसरंच कुणीतरी होतं. रेवतीने त्या क्रमांकाच्या महिन्याभराच्या परतदाबांचा आलेख काढला. रोज सकाळी पाचच्या पुढे तो सुरू होत होता आणि रात्री साडेनऊला बंद पडत होता. मध्ये दुपारी दोन खाचा होत्या, रोज त्याच वेळेला.

“सर, हे सर्व्हर साडेबाराला जेवतं,” ती म्हणाली. “आणि दोन ते साडेतीन झोपतं.”

“मला द्या म्हणावं अशी नोकरी.”

ती हसली. भूषणही हसला. मग तिचं हसणं हळूहळू ओसरलं.

“माणूस आहे, सर. नमुन्यात कुणाचा तरी खरा क्रमांक पडलाय. आणि ते बिचारं माणूस सगळ्यांना उत्तरं देत बसलंय.”

क्रमांकावरून नाव काढायचं तर तीन वरिष्ठांच्या सह्या लागत. खाजगीपणाचा नियम कडक होता. पण माहितीपानावर तो क्रमांक कुणी आणि कधी लिहिला, हे पाहायला सही लागत नव्हती. प्रत्येक ओळीचा इतिहास कुणालाही उघडता येई. रेवतीने तो उघडला, वाचला, पुन्हा एकदा वाचला.

“कोण आहे तो शहाणा?” भूषणने विचारलं.

“तुम्ही, सर. सहा वर्षांपूर्वी, सतरा नोव्हेंबरला.”

तारीख ऐकली आणि भूषणला पुढचं काही पाहायची गरज उरली नाही.

त्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला गावी, आर्वीला, त्याची आई वारली होती. तेरवी आटोपून निघताना त्याने बाबांच्या डाव्या मनगटावर एक मनगटी बांधली होती. अजून ती बाजारात यायची होती. “फोनवर तुम्ही बोलत नाही, मीही बोलत नाही. हे बरं पडेल आपल्याला,” असं काहीतरी तो म्हणाला होता. सतरा तारखेला तो कामावर हजर झाला. दुपारपर्यंत माहितीपान लागणार होतं. नमुन्यासाठी एक चालू क्रमांक हवा होता आणि एक नोंदवलेला दाब हवा होता. चाचणीचं यंत्र तोवर उभं राहिलं नव्हतं. त्याने बाबांचा क्रमांक टाकला, मूठ आवळली आणि आईनंतरचा आपला पहिला दाब बाबांना पाठवला. तोच दाब नोंदून त्याने नमुन्यात ठेवला. संध्याकाळी यंत्र उभं राहिलं की क्रमांक बदलू, असं त्याने ठरवलं होतं. संध्याकाळी दुसरं काम आलं. मग तिसरं. यंत्र पुढे उभं राहिलं, आणि नमुन्याला उत्तर येतच होतं म्हणून कुणी तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

“माझे वडील आहेत,” तो रेवतीला म्हणाला.

तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. “एकूण आकडा काढू का?”

“काढ.”

नमुन्यातून सव्वाचार लाखांच्या वर दाब त्या क्रमांकाला गेले होते. लागोस, क्राकोव्ह, हनोई, भोपाळ. जिथे जिथे कुणी ‘सांगात’चा प्रोग्राम लिहायला बसलं होतं, तिथून तिथून. आणि ते सगळे, एकूण एक, सतरा नोव्हेंबरचा भूषणचा दाब होते. बाबांच्या जागेपणी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला परतदाब गेला होता. प्रोग्रामरांच्या चर्चापानावर रेवतीला आणखी एक जुना मजकूर सापडला. हनोईच्या कुणीतरी लिहिला होता: ‘हे चाचणीचं खातं काढू नका. माझं काम केव्हाच संपलं, पण रोज सकाळी बसलो की मी एकदा नमुना चालवून पाहतो. का ते मला सांगता येणार नाही.’ खाली चाळीस जणांनी आपलंही तसंच असल्याचं कळवलं होतं.

“तुमचे स्वतःचे दाब वेगळे काढता येतील,” रेवती म्हणाली. “म्हणजे, नमुन्यातून नव्हे, तुमच्या मनगटीवरून गेलेले. काढू?”

भूषणने मान हलवली. यादी एका पडद्यात मावली. सहा वर्षांत एकसष्ट. शेवटचा पाच महिन्यांपूर्वी, दिवाळीतला. रेवती खिडकीबाहेर पाहू लागली.

त्या यादीत आणखी एक गोष्ट होती आणि ती भूषणला आधी दिसली. नमुन्याच्या दाबांना उत्तर देताना बाबा मूठ दोन सेकंद आवळून धरत. कधी थोडं घट्ट, कधी थोडं सैल, पण दोनच सेकंद. भूषणच्या मनगटीवरून गेलेल्या दाबांना मात्र उत्तर लांब होतं. अकरा सेकंद. चौदा. एकदा एका गुढीपाडव्याला एकवीस. पहिली चार वर्षं हा फरक कधी चुकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. त्यानंतर फरक मिटला होता. नमुन्यालाही दोन सेकंद आणि भूषणलाही दोन.

“मी या एका क्रमांकासाठी जुनी खिडकी उघडी ठेवू शकते,” रेवती हलक्या आवाजात म्हणाली. “अपवाद टाकायचा. किंवा आपणच एक छोटा प्रोग्राम लावू, दिवसाला दोनशे दाब, आलटून पालटून. त्यांना काही कळणार नाही. नाहीतर शुक्रवारी बारानंतर एकदम सगळं गप्प होईल, सर.”

“लाव,” भूषण म्हणाला. मग म्हणाला, “थांब. एक फोन करतो.”

शोभाताई त्याची मोठी बहीण. आर्वीतच, वडिलांच्या घरापासून दोन घरं सोडून तिचं सासर होतं, आणि आई गेल्यापासून बाबांचं सगळं तीच पाहत होती. भूषण जिन्यात जाऊन उभा राहिला. जे सापडलं ते त्याने तिला सांगितलं. तोडकंमोडकं, चूक कुणाची हे शेवटी सांगत. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईने गॅस बंद केला असावा.

“बाबाले तर पहिल्याच हप्त्यात समजलं होतं,” ती म्हणाली.

“काय समजलं होतं?”

“का हे तू नाही म्हणून. म्हणजे तूच, पण एकाच दिवसाचा. मले म्हणे, शोभे, हा पोट्टा एकाच बोंडाचा कापूस घडीघडी दाखवून राहिला.”

भूषण पायरीवर बसला. त्याला हे सुचायला हवं होतं. पुंडलिकराव काळबांडे सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ते अलगद ओढत आणि धाग्याची लांबी सांगत. मागून यंत्राने मोजली तर तीच भरे. गाडीत वर चांगला माल आणि खाली भिजलेला ठेवून आलेला शेतकरी त्यांच्यासमोर आपणहून मान खाली घालत असे. त्या बोटांना नोंदवलेला हात कळणार नव्हता तर कुणाला कळणार होता?

“मग मला कुणी का नाही सांगितलं?”

“तू भेटला असता तर सांगितलं असतं.” ताई चिडली नव्हती, नुसतं म्हणाली. “मी म्हटलं त्याइले, बाबा, मशीन आहे हे, काढून ठेवा. दिवसभर मूठ आवळून राहिले तुम्ही. तर म्हणे, हा तेरवीनंतरचा हात आहे. त्या दिवशी रडत होता तो.”

भूषणने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रडत होता का रे तू?”

“आठवत नाही, ताई.” त्याला आठवत होतं. सतरा तारखेला दुपारी टेबलाखाली हात धरून त्याने मूठ आवळली होती, समोरच्यांना दिसू नये म्हणून.

“बाबा म्हणे, रडत्या पोराचा हात आला तर घ्यायचा. कोणी पाठवला ते कायले पाहायचं?” ताई थांबली. “महिन्यापासून जेवण कमी झालं त्याइचं. हात उचलायले वेळ लागते. पण मनगटी सोडू देत नाहीत. रात्री काढतो तेवढीच. तू येतं का?”

“शुक्रवारी येतो.”

“हाव. ये.” तिचा विश्वास बसला नव्हता, हे त्याला कळलं.

तो वर गेला तेव्हा रेवतीने अपवाद लिहून ठेवला होता; नुसता लागू करायचा बाकी होता.

“नको,” भूषण म्हणाला. “सहा वर्षं तेच तर चाललंय.”

“पण सर, त्यांचं…”

“मी जातोय.”

तिने ओळी पुसल्या आणि पोलंडच्या माणसाला उत्तर लिहायला घेतलं. तिने लिहिलं की नमुन्यातलं खातं यंत्राचं नसून एका वृद्ध माणसाचं आहे आणि प्रकृतीमुळे त्यांना उत्तर द्यायला उशीर होतो. एका तासात त्याचं उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती: मी त्यांना आजवर तीन हजार वेळा उठवलं असेल, माझ्या वतीने माफी मागा.

शुक्रवारी सकाळी भूषण आर्वीला पोचला. नागपूरहून रस्ता अडीच तासांचा होता. एवढाच होता, हे त्याला गाडीतून उतरताना पुन्हा जाणवलं.

“सापडला का रस्ता?” दारात शोभाताई म्हणाली आणि तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

बाबा पुढच्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसले होते. ते इतके लहान झाले असतील असं त्याला वाटलं नव्हतं. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. डावा पोटावर होता आणि त्यावर मनगटी, कडा झिजून पांढऱ्या पडलेली. भूषण समोर बसला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची मूठ हळूहळू आवळली गेली आणि सुटली. भूषण पुढे सरकला. पण ते उत्तर त्याला नव्हतं. मनगटीवर कुठून तरी दाब आला होता.

साडेअकराच्या सुमाराला दर दोन-तीन मिनिटांनी दाब येत होते. खिडकी बंद होणार म्हणून जगभरचे लोक आपापले जुने प्रोग्राम शेवटचे चालवून पाहत असतील. बाबा प्रत्येकाला उत्तर देत होते. मूठ मिटायला पाऊण मिनिट लागत होतं, तेवढ्यात कधी दुसरा दाब येई. कपाळावर घाम होता. ताईने तो पुसला.

“अशेच करतात,” ती म्हणाली. “ऐकत नाहीत.”

आपल्याच मुलाचा हात आपल्याच मुलासमोर ते सांभाळत होते, आणि तो मुलगा हाताची घडी घालून बसला होता. मूठ आवळून आपल्या मनगटीवरून एक दाब पाठवावा, असं भूषणच्या मनात आलं, आणि चार फुटांवर बसलेल्या बापाला तसा दाब पाठवायची त्याला लाज वाटली.

बारा वाजले. खोलीत काही बदललं नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. बाबा वाट पाहत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांनी मनगट थोडं वर उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि कुणी न बोलावता मूठ आवळली. थांबले. पुन्हा आवळली. घशातून एक आवाज आला. ताईकडे पाहून ते मनगट पुढे करत होते.

“बंद पडलं का रे ते?” ताईने विचारलं. “चालू कर ना, भूषण. तू तर त्यातलाच आहे. तेवढंच आहे त्याइले.”

“ते आता चालू नाही होणार, ताई.”

“मंग दुसरं काही कर.”

भूषण पलंगावर बाबांच्या डाव्या बाजूला सरकला आणि त्याने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. हात थंड होता. बोटांची टोकं अजून मऊ होती. बाबांनी हात सोडवून घेतला, जोराने नव्हे, आपलं काम अडत असल्यासारखा, आणि मनगट पुन्हा पोटावर ठेवून ते तिकडे लक्ष देत राहिले. त्यांच्या लेखी तिकडे कुणीतरी रडत होतं आणि त्याचा हात यायचा राहिला होता.

“बाबा,” भूषण म्हणाला. “मी आलोय.”

त्यांनी पाहिलं नाही. भूषणने पुन्हा हात धरला. या वेळी त्याला धड धरताही आलं नाही. बोटं थरथरत होती आणि ती लपवायला समोर टेबल नव्हतं. बाबांचं मनगटाकडे लागलेलं लक्ष हलल्यासारखं वाटलं. त्यांचा हात तिथेच राहिला. मग एकेक करत बोटं मिटली, भूषणच्या बोटांवर दाबली गेली आणि सुटली.

दोन सेकंद. भूषणने मोजले नव्हते, पण त्याला कळले.

ताई दारात उभी होती. “ओळखलं का त्याइनं तुले?” तिने विचारलं.

भूषण त्या हाताकडे पाहत राहिला. सव्वाचार लाख वेळा सांभाळलेल्या त्या दुपारच्या मुलालाच हे उत्तर होतं, की तो मुलगा सहा वर्षं उशिरा का होईना स्वतः चालत आलाय, हे त्या बोटांना कळलं होतं?